व्याख्या कशासाठी: मोजायला की शिक्षा करायला?

आजचा प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांचा आहे. तिथल्या आवारांत ज्यूद्वेषाला आळा घालायचा, तर ज्यूद्वेष म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात लिहावी का? प्रश्न वकिलांचा वाटतो. पण व्याख्येचं काम काय, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो घेतला.

आधी आपली सवय जरा बाजूला ठेवू या. आपल्या घटनेच्या १९व्या कलमात भाषणस्वातंत्र्य आहे आणि तिथेच वाजवी बंधनांची सोयही आहे. समाजासमाजांत वैर वाढवणारं बोलणं आपल्याकडे गुन्हा ठरतं. अमेरिकेत तसं नाही. १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्याचा रोख तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याकडे असेल आणि ते घडण्याचा संभवही असेल, तरच चिथावणीबद्दल शिक्षा. धमकी आणि छळ यांचे नियम वेगळे. पण नुसतं द्वेषाचं बोलणं, कितीही किळसवाणं असलं तरी, तिथे गुन्हा होत नाही.

मग विद्यार्थ्याला संरक्षण कुठून मिळतं? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येत नाही. यात ‘धर्म’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. पण ज्यू असणं ही वंशपरंपरेचीही ओळख आहे, असा अर्थ लावून शिक्षण खातं २००४ पासून ज्यू विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकत आलं आहे.

ऑक्टोबर २०२३ नंतर आवारं पेटली. १ मे २०२४ ला प्रतिनिधीगृहाने एक विधेयक ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केलं. सिनेटने त्या मुदतीत ते पुढे नेलं नाही. विधेयकाचं म्हणणं एवढंच: भेदभावामागे ज्यूद्वेष होता का, हे ठरवताना आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची २०१६ ची व्याख्या विचारात घ्या. २०१९ च्या अध्यक्षीय आदेशात हे आलंच होतं.

या व्याख्येबरोबर अकरा उदाहरणं आहेत. इस्रायलच्या कृत्यांसाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं, हे एक. त्यावर फारसा वाद होणार नाही. पण इस्रायलच्या आजच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं, हेही त्यांतच आहे. इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असंही ती सांगते. समर्थक म्हणतात, द्वेष आता ‘ज्यू’ हा शब्द टाळून ‘झायोनिस्ट’ म्हणत येतो. व्याख्या नसेल तर प्रशासन ते बघूनही न बघितल्यासारखं करतं. यात तथ्य आहे.

आता गंमत बघा. या व्याख्येचा मूळ मसुदा करण्यात ज्यांचा प्रमुख वाटा, ते केनेथ स्टर्न स्वतःच आवारात ती कायद्यासारखी वापरायला विरोध करतात. युरोपात घटनांची नोंद सगळीकडे एकाच मापाने व्हावी, म्हणून ती केली होती. मोजणाऱ्याची व्याख्या ऐसपैस असली तरी चालते. एखादी नोंद चुकली तर आकडा थोडा हलतो. शिक्षा करणाऱ्याची व्याख्या ऐसपैस असली, तर माणूस भरडला जातो. अनुदान जाईल या धास्तीने विद्यापीठं शंकास्पद ते सगळंच बंद करतात. भेदभावाची कृती जिथे वेगळी दिसते, तिथे व्याख्या हेतू ओळखायला मदत करते. पण तक्रार मुळात बोलण्याचीच असेल, तर हेतू तपासता तपासता मतच तपासलं जातं.

मग ज्यू विद्यार्थ्याने सोसायचं का? मुळीच नाही. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आंदोलकांनी काही ज्यू विद्यार्थ्यांची वाट अडवली. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी विद्यापीठाला तात्पुरता मनाई हुकूम दिला: श्रद्धेमुळे ज्यू विद्यार्थ्यांना जिथे जाता येत नाही, ती सोय इतरांसाठीही चालू ठेवायची नाही. त्यासाठी आंदोलकांच्या मताची व्याख्या लागली नाही. विद्यार्थ्याला आत जाता आलं का, एवढं पाहणं पुरेसं होतं.

आम्हाला विचाराल, तर कायद्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: या मुलाचं शिक्षण अडलं का? आणि अडलं असेल, तर विद्यापीठाने काय केलं? बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हा प्रश्न त्यानंतरचा.