बिनसडीच्या तांदळाचे आचार्य

जपानात 1893 साली जन्मलेल्या आणि पुढे जॉर्ज ओसावा या पाश्चात्त्य वळणाच्या नावाने जगभर वावरलेल्या साकुराझावा यांच्या चरित्राकडे वळताना, ज्या आहाराने आपला तारुण्यातला क्षय हटला अशी त्यांची आजन्म श्रद्धा होती, त्याची मूळ शिकवण त्यांची स्वतःची नव्हती, हे आधीच नमूद केले पाहिजे. ती सागेन इशिझुका या लष्करी वैद्यांची. अन्नातील सोडियम व पोटॅशियम यांचा तोल ढळला की व्याधी उद्भवते, हे इशिझुकांचे प्रमेय. ओसावांनी त्यास यिन व यांग या प्राचीन चिनी तत्त्वांची परिभाषा दिली आणि हूफेलांड या जर्मन वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेले ‘मॅक्रोबायोटिक’ हे नाव त्यावर चढवले.

बिनसडीच्या तांदळाविषयीचा त्यांचा आग्रह मात्र निव्वळ लहर म्हणून बाजूस सारता येत नाही. पांढऱ्या भातावर पोसलेल्या जपानी फौजेत 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात बेरीबेरीने हजारो शिपाई दगावले. आणि सडलेल्या तांदळाचा जो कोंडा आपण निर्धास्तपणे गुरांपुढे टाकतो, त्यातूनच उमेतारो सुझुकी यांनी 1910 साली या रोगाचे निवारक द्रव्य वेगळे केले. तेच आजचे जीवनसत्त्व ब-1.

परंतु कोंड्यात ब-1 आहे, एवढ्यावरून कोंड्यात सर्व काही आहे, असे होत नाही. ओसावांच्या आहारक्रमाच्या दहा पायऱ्या होत्या, आणि ‘सात’ क्रमांकाच्या सर्वोच्च पायरीवर धान्यावाचून दुसरे अन्न नव्हते, पाणीसुद्धा बेताचेच. सुक्या धान्यात जीवनसत्त्व क जवळजवळ नसते आणि मनुष्यदेह ते स्वतः घडवू शकत नाही. सबब काही महिन्यांत शरीरातला साठा सरतो, ऊती बांधून धरणारे कोलाजेन दुबळे पडते, हिरड्यांतून रक्त वाहू लागते व जुन्या खलाशांचा स्कर्व्ही पुन्हा प्रकट होतो. न्यू जर्सीत 1965 साली या आहाराच्या कडक नेमात एक तरुणी मरण पावली आणि प्रकरण सरकारदरबारी गेले.

ओसावांना याचा पश्चात्ताप वाटला असेल का? रोग हा रोग्याच्याच उद्दामपणाचे फळ, असे मानणाऱ्या गुरूविषयी तशी खात्री देववत नाही. एप्रिल 1966 मध्ये टोकियोत ते निवर्तले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य मिचिओ कुशी व त्यांच्या पत्नी अवेलिन यांनी बॉस्टनमध्ये धान्याचे एक छोटे दुकान थाटले आणि त्यास ‘एरेव्हॉन’ हे नाव दिले. ते गुरूंच्या आवडीच्या, सॅम्युएल बटलरच्या कादंबरीचे, आणि त्या कादंबरीतल्या देशात आजारी पडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.