तिसऱ्यांचं तोंड उघडलं म्हणजे शिजल्या असं नाही



1 जूनला बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि घरोघरी खाडीतल्या तिसऱ्या-खुब्यांवर भर वाढतो. पावसाच्या याच दिवसांत कावीळही डोकं वर काढते. म्हणून आज शांघाय शहराची गोष्ट सांगत आहोत. गोष्ट परक्या देशाची, पण धंदा आपलाच.

1988 च्या जानेवारीत चीनमधल्या या शहरात काविळीची साथ आली. दोन-तीन महिन्यांत सुमारे 3 लाख माणसं आजारी पडली. खाटा पुरेनात म्हणून शाळा आणि कारखान्यांत रुग्ण ठेवावे लागले. आजार हिपॅटायटिस ए, आणि कारण निघालं रेघारेघांच्या कवचाचा एक शिंपला. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या छीतुंग किनाऱ्यावरून तो बाजारात आला होता. त्या पाण्यात सांडपाणी, मैला मिसळलेला होता.

शिंपला दिवसभर पाणी आत ओढून गाळत असतो. पाण्यात मैला असेल तर त्यातला विषाणू त्याच्या पोटात साठत जातो. शांघायचे लोक शिंपल्यांवर फक्त उकळतं पाणी ओतत. तोंड जरा उघडलं की खात. वरून गरम, आत कच्चं.

आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, "आम्ही जन्मभर असंच खाल्लं, काय झालं?" त्याचंही उत्तर या साथीत आहे. आजारी पडले ते बहुतेक विशी-तिशीतले. म्हाताऱ्यांना लहानपणीच हा आजार न कळत होऊन गेलेला, त्यामुळे अंगात ताकद तयार होती. स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या पोरांत ती नव्हती. लहान मुलांत हा आजार बऱ्याचदा कळतही नाही, मोठ्या माणसाला मात्र आडवं करतो. आज आपल्या घरातली तरुण पोरं त्याच जागी आहेत.

आता थोडं स्वतःकडे बघू. विषाणू अंगात गेल्यावर आजार दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. डोळे पिवळे होण्याच्या आधीचा आठवडा-दोन आठवडे तो माणूस विष्ठेतून सर्वांत जास्त विषाणू सोडतो. म्हणजे बोटीवरचा धडधाकट खलाशी खाडीत शौचाला बसला, तर त्याच खाडीतल्या तिसऱ्या आपण विकतो आणि खातो. नुसतं शहराच्या गटाराला नावं ठेवून भागणार नाही.

म्हणून सर्वांना विनंती:

• गटाराच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी शिंपले काढू नका.
• खाडीत, धक्क्याजवळ बोटीवरून शौच नको. खलाशांना शौचालय आणि साबण द्या. ही जबाबदारी मालकाची.
• तोंड उघडल्यावर लगेच उतरवू नका, आणखी काही मिनिटं चांगलं उकळू द्या.
• ज्या विळीवर तिसऱ्या फोडल्या, तिच्यावर न धुता कांदा-काकडी चिरू नका.
• बर्फात हा विषाणू मरत नाही. खाण्यापिण्यात मासळीचा बर्फ घालू नका.
• भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर आधी डॉक्टर. दारू पूर्ण बंद. झाडपाल्यावर दिवस घालवू नका.

हिपॅटायटिस बी आणि सी हे वेगळे. ते खाण्यातून नव्हे, रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. बोटीवर सगळ्यांना एकच वस्तरा नको. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत बी ची लस द्या. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधं मोफत आहेत.

त्या साथीनंतर शांघायमध्ये त्या शिंपल्याच्या विक्रीवरच बंदी आली. विषाणू डोळ्यांना दिसला नाही, पण काढणाऱ्यांची ती बाजारपेठ गेली. आपल्या मासळीवर गिऱ्हाइकाचा जो भरवसा आहे तो वर्षानुवर्षांचा आहे. खाडी स्वच्छ ठेवली तरच तो टिकेल.