गृहपाठ मुलांचा की आईबापांचा?

मुलांस गृहपाठ असावा की नसावा, हा वाद नवा नाही. सन २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षणमंत्र्यांनी तो बंद करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हाही दोन तट पडले. आमच्या मते खरा प्रश्न निराळाच आहे: हा गृहपाठ करतो कोण?

आपल्या आजोबांच्या काळी दिवेलागणीस घरोघर परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी मूल स्वतः म्हणे. त्यास कागद लागत नसे, की आईस अक्षरओळख नाही म्हणून अडत नसे. आज 'प्रकल्पा'च्या नावाखाली जे घरी धाडले जाते, ते मोठ्यांच्या हातांवाचून पुरे होत नाही. संगमनेरच्या पेठेतील व्यापारी मुलास शिकवणी लावील. पण दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीने कोणास विचारावे? दोघांच्या वह्या मात्र एकाच मापाने मोजल्या जातात. ही परीक्षा बुद्धीची नव्हे, घरच्या ऐपतीची होय. सन २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क सायंकाळी घराच्या उंबरठ्याशी संपावा काय?

कोणी म्हणतील, गृहपाठावाचून अभ्यासाची सवय कशी लागणार? शंका रास्त आहे. म्हणूनच आम्ही सरसकट बंदी मागत नाही. अमेरिकेतील हॅरिस कूपर यांनी सन २००६ मध्ये अनेक संशोधनांचा आढावा घेतला. त्यांत गृहपाठाचा लाभ वरच्या वर्गांत स्पष्ट, खालच्या वर्गांत फारच थोडा आढळला. मद्रास हायकोर्टाने सन २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या गृहपाठास मनाई केली. केंद्र सरकारच्या सन २०२० च्या दप्तर-धोरणानेही दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीस आठवड्यास फार तर २ तास, सहावी ते आठवीस रोज १ तास आणि पुढे रोज २ तास अशी मर्यादा घातली आहे. धोरण कागदावर आहे. ते वर्गात उतरले पाहिजे.

शाळांच्या कार्यकारी मंडळांत बसणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस एवढेच सांगणे आहे. मुलास एकट्याने करता येईल आणि शिक्षक दुसऱ्या दिवशी तपासतील, तेवढाच पाठ द्यावा. ज्यांच्या घरी बसावयास जागा नाही, त्यांच्यासाठी शाळेची एक खोली सायंकाळी उघडी ठेवावी. रोजकीर्दीचा मेळ घातल्यावाचून आपण दुकान बंद करीत नाही. मग मुलांच्या न तपासलेल्या वह्या आपल्या नजरेतून कशा सुटतात?