विंचू उतरवायचा, की रुग्णालय गाठायचे?

उन्हाळ्याचे दिवस. दिवेलागणीची वेळ. चुलीसाठी लाकडाच्या ढिगातून फाटे ओढताना पोराच्या बोटाला विंचवाने नांगी मारली. पोर कळवळून रडू लागले. शेजारपाजार जमला. कोणी म्हणाले, वरच्या वाडीतल्या भगताला बोलवा, तो विंचू उतरवतो. कोणी म्हणाले, कांदा चोळा. कोणी दोरीने हात आवळून बांधला. भोर आणि वेल्हे परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी घरच्या माणसांनी नेमके काय पाहावे, काय करावे आणि काय टाळावे, हे या लेखात पाहू.

मंत्राने विंचू उतरतो का?

"आमच्या आजोबांचा विंचू भगतानेच उतरवला," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. विंचूदंशाच्या बहुतेक रुग्णांना फक्त ठणका लागतो. तो काही तासांत, फार तर एका दिवसात आपोआप कमी होतो. अशा माणसाला मंत्र घातला तरी तो बरा होतो, न घातला तरी होतो. प्रश्न आहे तो उरलेल्या थोड्या रुग्णांचा. त्यांच्या अंगात विष भिनते आणि ते थेट हृदयावर ताण आणते. त्यात लहान मुलांना धोका जास्त. भगताची वाट पाहण्यात गेलेले दोन तास त्यांना महागात पडतात.

काळा आणि लाल

मोठा काळा विंचू दिसायला भीतिदायक असला तरी त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही. खरा धोका लहानखुऱ्या लाल विंचवाचा. त्याचे पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट मात्र जाड असते. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात हा विंचू सर्रास आढळतो. पण अंधारात रंग नीट दिसत नाही, म्हणून विंचू शोधत बसू नये. रोग्याकडे पाहावे.

विष काय करते?

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते. सुरुवातीला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठरते. हे लक्षण लाजेमुळे लपवू नये, डॉक्टरांना त्यावरून फार मोठी मदत होते. त्यानंतर शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग फुप्फुसांत पाणी साठते, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. इथवर पोचलेला रोगी वाचवणे कठीण असते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल ठणक्याने मोठमोठ्याने रडत असेल, पण अंग कोरडे व हातपाय गरम असतील, तर धोका त्या मानाने कमी. मूल घामाने भिजले, उलटी झाली आणि हातपाय गार लागले, तर ते फारसे रडत नसले तरी धोका मोठा.

घाटाखाली लागलेला शोध

ही लक्षणे आणि त्यांवरचा इलाज यांचा शोध कोणा परदेशातल्या प्रयोगशाळेत लागला नाही. आपल्या भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी दगावताना त्यांनी पाहिले. रोग्याच्या खाटेशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम यांची बारकाईने नोंद ठेवू लागले. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊनही ते शहरात थांबले नाहीत, पुन्हा रायगड जिल्ह्यात गेले.

रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हृदय थकते, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये, असा त्यांचा सरळ विचार होता. रक्तदाबावरची 'प्राझोसिन' ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली. त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा याबाबतचा अनुभव १९८६ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस ते चाळीस जण दगावल्याच्या नोंदी आहेत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

पुढची पायरी प्रतिविषाची. २०११ साली महाडच्या ७० रुग्णांवरील अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. निम्म्या रुग्णांना नुसते प्राझोसिन दिले, निम्म्यांना जोडीला लाल विंचवाचे प्रतिविष दिले. पहिल्या गटाला बरे व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, दुसऱ्याला ८. डॉ. बावस्करांना २०२२ साली 'पद्मश्री' मिळाली.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आंतरवासितेच्या काळात ग्रामीण केंद्रांत का पाठवतात, याचे उत्तर या कहाणीत सापडते. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडली गेली. तिथे शिकलेली विद्या खेड्यात उपयोगी पडते, तशी खेड्यात रोग्याजवळ बसून केलेली नोंद पाठ्यपुस्तकात जाते.

काय करावे?

रोग्याला धीर द्यावा व आडवे निजवावे. दंशाची जागा साबणाने धुवावी. शुद्ध असेल आणि उलटी होत नसेल, तर घोट घोट पाणी पाजावे, कारण घामाने अंगातले पाणी कमी होते. दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवावे.

लहान मुलाला लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. मोठ्या माणसाला घाम, उलटी, गार हातपाय किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर लगेच निघावे. भोरला व वेल्ह्याला सरकारी रुग्णालये आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. भाटघरच्या पाण्यापलीकडच्या किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून रात्री कोणाची जीप मिळेल हे गावाने आधीच ठरवून ठेवावे.

काय टाळावे?

जागा कापू नये, चोखू नये, जाळू नये. दोरी आवळू नये. प्राझोसिनची गोळी घरी आणून स्वतःहून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरून रोगी उभा राहताच चक्कर येऊन पडू शकतो. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असते. सापाचे प्रतिविष विंचवाला चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काय चावले हे माहीत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात, पण मुक्कामाला त्याला आडोसा लागतो. सरपण, गोवऱ्या आणि कौलांचा ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नये. सरपण काढताना आधी काठीने हलवावे. वहाण पायात घालण्यापूर्वी झटकावी, अंथरूण झाडावे, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. घरातल्या आजीला मंत्र घालायचा असेल तर तो तिने गाडीत बसून घालावा. गाडी मात्र थांबवू नये.