झाडांच्या कुंडल्या, फुकटात!
अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांवरचं सरकारी संशोधन वाचायला एक पैसाही लागत नाही, हे मला फार भावतं. यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या ‘ट्रीसर्च’वर झाडाचं शास्त्रीय नाव टाकून शोधा, नुसतं ‘पाइन’ टाकलंत तर निकालांच्या ढिगात हरवाल.

सुरुवात मात्र ‘सिल्व्हिक्स ऑफ नॉर्थ अमेरिका’पासून करा. १९९०चे दोन खंड, पहिला सूचिपर्णी झाडांचा, दुसरा रुंद पानांच्या झाडांचा. बी कधी पडतं, रोप सावली किती सोसतं, मुळं कशी पसरतात, वणव्यात काय होतं... एकेका झाडाची कुंडलीच मांडलीय! लाकडात रस असेल तर फॉरेस्ट सर्व्हिसच्याच मॅडिसनमधल्या प्रयोगशाळेचं ‘वूड हँडबुक’ आहेच.

तिकडच्या मराठी मंडळींनो, पुढच्या ट्रेकआधी त्या वनातल्या एका तरी झाडाचं प्रकरण वाचून जा.