मुंबईंतील पहिलें आइस्क्रीम

मुंबईच्या उकाड्यांत आज सहज मिळणाऱ्या आइस्क्रीमला एके काळीं साता समुद्रांपलीकडच्या बर्फाची वाट पाहावी लागे. १८३४ सालीं अमेरिकेंतून जहाजानें बर्फ मुंबईस आला, आणि त्याच सालीं जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें गेलें. यजमानांस व पाहुण्यांस सर्दी झाली, असें ‘मुंबई समाचार’नें लिहिलें!

परंतु नुसत्या बर्फानें गोड दूध गोठत नाहीं; साखरेमुळें त्याचा गोठणबिंदु शून्य अंश सेंटिग्रेडच्या खालीं जातो. बर्फांत मीठ मिसळलें, कीं तो वितळूं लागतो, त्यासाठीं भोंवतालची उष्णता ओढतो, आणि मिश्रणाचें उष्णतामान शून्याच्याहि पुष्कळ खालीं उतरतें. त्यांत दुधाचा डबा फिरवीत राहिल्यास दूध घट्ट होतें. बर्फ परदेशचा आला खरा. पण दुधाचें आइस्क्रीम झालें तें साध्या मिठामुळें.