संगणकावरील दात आणि तोंडातील दात

म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे जाताना बेळगोळ हे गाव लागते. तेथील एखादा शेतकरी म्हैसूरच्या दंतवैद्यक महाविद्यालयात दात दाखविण्यास गेला, तर त्याचे तोंड विद्यार्थीही तपासतो. या विद्यार्थ्याने कीड ओळखण्याचा सराव संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजेच सॉफ्टवेअरवर, केलेला असेल, तर त्या आज्ञावलीचा कस कसा पाहावा?

सुबक चित्रे व विद्यार्थ्यांची पसंती ही काही कसोटी नव्हे. गुणांची टक्केवारीही फसवी असते. समजा, पडद्यावर १०० दातांची चित्रे आहेत. पैकी ८० निरोगी, २० किडलेले. चित्राकडे न पाहताच जो प्रत्येक वेळी 'निरोगी' म्हणेल, त्यालाही ८० गुण मिळतील! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली यावर एक माप सुचविले. जुळलेल्या उत्तरांच्या प्रमाणातून केवळ योगायोगाने जुळणारे प्रमाण वजा करावे, आणि बाकीस, १ मधून तेच योगायोगाचे प्रमाण वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. या मापास 'कप्पा' म्हणतात. आपल्या आळशी परीक्षार्थ्याची दोन्ही प्रमाणे ०.८० येतात, म्हणजे त्याचा कप्पा शून्य.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दंतक्षयाची पहिली खूण म्हणजे दंतवल्कावरील पांढुरका डाग. आरंभी तो ओल्या दातावर दिसत नाही. सुमारे ५ सेकंद हवेचा झोत सोडून दात वाळविला, की उमटतो. दंतवल्काचा वक्रीभवनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ व हवेचा १.००. क्षयाने पडलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी जाऊन हवा शिरली, की हा फरक वाढतो, प्रकाश विखुरतो व डाग पांढरा दिसतो. डाग ओल्या दातावरही दिसू लागला, तर क्षय अधिक खोल गेलेला असतो. जी आज्ञावली केवळ वाळविलेल्या दाताचे चित्र दाखविते, ती निदानातील हा महत्त्वाचा टप्पाच विद्यार्थ्याच्या हातून काढून घेते. निदान ओल्या व वाळलेल्या अशा दोन्ही अवस्थांची चित्रे तरी तीत हवीत.

खरी परीक्षा मात्र पडद्याबाहेरची. विद्यार्थ्यांचे दोन गट करावे. एकास आज्ञावली द्यावी, दुसऱ्यास नेहमीचे व्याख्यान. काही आठवड्यांनी दोघांसमोर उपटलेले खरे दात ठेवावे. मग ते दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली क्षय किती खोल गेला ते पाहावे व उत्तरे त्याच्याशी ताडावी. आज्ञावलीतील 'बरोबर' उत्तरेही याच रीतीने पारखलेली आहेत काय, हे शिक्षकाने ती विकत घेण्यापूर्वी विचारावे.